चौथ्यांदा रंगवलेली पाटी

पेंटरकाकांचा हात असा, की फूटपट्टीनं लाजावं. पण संग्रहालयातल्या एका पाटीनं त्यांच्या तोंडाला फेस आणला. यादवी युद्धाच्या दालनाआधी एक खोली होती, युद्धाच्या आधीच्या काळाची. तिला नाव काय द्यायचं, यावर दोन इतिहासकारांचं काही केल्या जमेना.

त्यातले सर म्हणाले, "फितुरीचा काळ." काकांनी रंगवलं. बाई म्हणाल्या, "छे! सुवर्णकाळ." काकांनी खरवडलं, पुन्हा रंगवलं.

"सुवर्ण कसलं, बाई? रॉकेलसाठी पहाटेपासून रांगेत उभा असायचो मी!" काकांच्या तोंडून निघून गेलं.

सरांना हर्ष झाला. पुन्हा 'फितुरीचा काळ'.

आता मात्र काका शिडीवरच थांबले. उद्या उद्घाटनाला त्यांची ताई येणार होती, नदीपलीकडून, चाळीस वर्षांनी. पलीकडच्यांनाच तर इकडे फितूर म्हणायचे. ती पाटी वाचून ताई दारातूनच परत फिरली असती. आणि इतक्या वर्षांच्या अबोल्यात चूक कोणाची, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

ते शिडीवरूनच म्हणाले, "सर, रागावू नका. पण हा 'आधीचा' काळ आहे, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्ही आपले जगत होतो. लग्नं ठरवत होतो, भांडत होतो. फितूरबितूर सगळं नंतर सुचलं हो!"

बाई हसून म्हणाल्या, "घ्या! आम्ही इतकी पुस्तकं लिहिली, आणि शिकवतंय कोण?" शेवटी साधं नाव ठरलं, 'युद्धाआधीची वीस वर्षं', आणि काकांनी चौथ्यांदा कुंचला उचलला.

सकाळी ताई आली. केस पांढरे, पण चाल तीच, तुरुतुरु. पाटीसमोर थांबून तिनं सावकाश वाचलं. काकांचा जीव टांगणीला लागला.

"वीसच का रे?"

सर वही घेऊन पुढे सरसावले. "सभागृहात फूट पडली तिथून पहिल्या गोळीपर्यंत, ताई. पहिली गोळी सुटली आणि तो काळ संपला."

"तुमचा संपला असेल," ताई म्हणाली. "गोळी सुटल्यावरही मी सहा महिने याला दर महिन्याला एक पत्र लिहीत होते. पाच पत्रांची उत्तरं आली. सहाव्याचं आलं नाही, त्या दिवशी माझा संपला."

काकांचे डोळे भरून आले. "घाबरलो गं, ताई. पलीकडून पत्र येतं म्हणून लोक बोलायला लागले होते. चुकलं माझं."

"चुकलंच," ताई म्हणाली आणि तिनं त्यांचा रंगानं माखलेला हात घट्ट धरला. "चल आता, आत काय मांडलंय ते दाखव. आणि सर, तुमच्या वहीत ते सहा महिने वाढवून घ्या."

सरांनी मुकाट्यानं पेन काढलं.