खंडूचे पाय गेले

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मला मध्ये अडवू नका. हे सांगताना एकदा थांबलो ना, की पुढचं सांगायची हिंमतच होत नाही. इतकी वर्षं झाली, अजून कान गरम होतात माझे!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं नवीन लग्न, मुलुंडला नवीन इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत काय? तर लाद्या! तुम्हाला काय त्याचं कौतुक! तेव्हा आजूबाजूला अर्ध्या घरांत शेणाने सारवलेल्या जमिनी होत्या. आमच्याकडे वाकलं की तोंड दिसायचं. मी पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी लाद्या दाखवायचो.

माझे सासरे, नाना, स्टेशनापलीकडे एका बैठ्या घरात एकटे राहायचे. एकटे म्हणजे ते आणि त्यांचा कुत्रा खंडू. सासूबाई गेल्यापासून नानांच्या ताटातला पहिला घास खंडूचा. तोही म्हाताराच झालेला. तोंड पांढरं, कान असून नसल्यासारखे.

मे महिन्यात रत्नागिरीकडे नानांच्या पुतणीचं लग्न निघालं. भाऊ हयात नव्हता, म्हणून कन्यादान नानांनीच करायचं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खंडूला उचलून आमच्याकडे आणला आणि गोधडीवर निजवला.

"वसंतराव, वय झालंय त्याचं. मागचे पाय जरा लटपटतात, उठायला वेळ लागतो. त्याच्या चालीने चालू द्या. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! एवढंच ऐकलं असतं तर?

नाना गेले. संध्याकाळी खंडू गोधडीवरून उठला, लादीवर उतरला आणि त्याचे मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. फतकल! पुन्हा उठला, पुन्हा फतकल.

"कुसुम! अगं ह्याला अर्धांगवायू झाला!"

"अहो, घसरला असेल. नवीन घर आहे त्याला."

"घसरायला काय आहे इथे? लाद्या बघ कशा सपाट आहेत!"

शेजारचे परबमामा धावत आले. मूळचे मालवणचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी खंडूचे पाय चाचपले. "म्हातारपण ता. तिळाचा तेल कोमट कर आणि चोळ रे रोज. आराम पडतलो."

झालं! मी काय अर्धवट काम करणारा माणूस? सकाळी तेल, संध्याकाळी तेल. मांडीपासून सुरुवात करायची ती थेट पंजापर्यंत. पंजाच्या गाद्यांना तर जास्तच, कारण मला वाटलं की रोग तिथूनच वर चढत असणार. तेल जिरायला वेळ द्यावा हे कोणाला सुचतंय? चोळून झालं की लगेच त्याला लादीवर उभा करायचा आणि म्हणायचं, "चल खंडू, शाबास!"

खंडू काय चालणार? तो घरभर वाहायला लागला! कपाटापासून निघाला की मोरीपाशी थांबायचा. मी म्हटलं, आजार वाढला. म्हणून तेल वाढवलं. तेल वाढवलं तसा आजार आणखी वाढला!

मध्ये एकदा कुसुम हातातल्या भांड्यासकट आपटली.

"अहो, जमीन फार बुळबुळीत झालीय हो."

"चालताना तुझं लक्ष कुठे असतं?" असं मी तिला म्हणालो. हो, मी म्हणालो! काय करता?

बाहेर न्यायचा तर कुसुमच्या जुन्या पातळाची झोळी करून, ती त्याच्या पोटाखालून घेऊन, पालखीसारखा मिरवत न्यायचो. जमिनीला मागचा पाय टेकू द्यायचो नाही. कुसुम म्हणायची, "जरा सोडून तर बघा अंगणात." मी म्हणायचो, "वेड लागलंय का तुला? मोडेल ना तो!" खाली माणसं हळहळायची. कोणी म्हणायचं, "मुक्या जीवासाठी किती करतोय बघा." मला बरं वाटायचं हो ऐकून. त्याचीच तर आता जास्त लाज वाटते.

शेवटी खंडूने उठायचाच कंटाळा केला. नुसता पडून राहायला लागला. मी घाबरलो. नाना येईपर्यंत हा राहिला नाही तर? कुसुमला न विचारता तडक तार ऑफिस गाठलं. तारा तेव्हा इंग्रजीत जायच्या, आणि जितके कमी शब्द तितकं बरं. मी लिहिलं, "खंडू सीरियस. बोथ लेग्ज गॉन. कम."

खिडकीतला कारकून मजकूर वाचून हळूच म्हणाला, "कोण लागतो तुमचा?"

"घरचाच आहे हो," मी डोळे पुसत म्हणालो. त्या बिचाऱ्याने बाकीच्यांना थांबवून माझी तार आधी घेतली.

नाना आले ते सकाळीच. मी खंडूला झोळीत घालून जिन्याखाली उतरलो, तर समोर टांग्यातून नाना उतरत होते. दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगात लग्नातलाच सदरा, हळदीचे डाग तसेच. बोट लागणारा माणूस, रात्रभर समुद्रावरून आलेला.

खंडूला ऐकू येत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. त्याने अशी उसळी मारली की झोळी माझ्या हातून सुटली. मी ओरडलो, "पडला, पडला!"

कुठला पडतोय? अंगणातल्या मातीत त्याने चारही पाय रोवले आणि मागून जरा झोकांड्या देत, पण आपल्या पायांनी चालत थेट नानांच्या धोतरात तोंड घातलं.

नाना तिथेच मातीत बसले. त्याचे मागचे पाय एकेक करून हातात घेतले, दाबून बघितले.

"आहेत की हो! दोन्ही आहेत!"

मला काही कळेना. "म्हणजे काय, नाना?"

"पाय गेले असं तुम्हीच कळवलंत ना?"

"गेले म्हणजे... शक्ती गेली."

मग नानांनी जे सांगितलं ते ऐकून मी जमिनीत शिरलो असतो तर बरं झालं असतं. तार गावच्या मास्तरांनी भर मांडवात, मोठ्याने, मराठीत वाचली, "खंडूचे दोन्ही पाय गेले." मुलुंड म्हणजे रेल्वे, म्हणजे गाडीखाली आला! बायकांनी रडायला सुरुवात केली. मुलाकडचे विचारायला लागले की खंडू कोण, आणि मुहूर्त पुढे ढकलायचा का. सगळ्यांसमोर नानांना सांगावं लागलं की खंडू आमचा कुत्रा. नवऱ्याचे मामा भडकले, आमची चेष्टा करता म्हणून. कसंबसं कन्यादान उरकून, पानावर न बसता, नानांनी बोट गाठली. आणि रात्रभर पाय तुटलेला खंडू डोळ्यांसमोर!

"वर चला, नाना," एवढंच मला बोलता आलं.

वर आले. दारातून एक पाऊल आत टाकलं आणि फतकल! मागून खंडू आला, तोही फतकल. दोघं शेजारी शेजारी!

नानांनी लादीवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. "तिळाचं?"

"हो. त्याच्या पायांना... दोन वेळा."

दारात उभे असलेले परबमामा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, मी कुत्र्याक लावूक सांगितलंय, लादयेक न्हय!"

कुसुमने गरम पाणी आणि सोडा आणून माझ्या हातात घासायचा ब्रश दिला. मी गुडघ्यांवर बसून त्या लाडक्या लाद्या खरवडत होतो. नानांनी शिध्याची रिकामी गोणपाटं दारापासून मोरीपर्यंत अंथरली आणि खंडू त्यांवरून सावकाश चालत गेला. नाना रागावले नाहीत हो! चार शब्द बोलले असते तर सुटलो असतो.

दिवाळीत नाना पुतणीच्या सासरी, त्या मामांची समजूत काढायला गेले. जाताना खंडूला परबमामांकडे ठेवलं. मी जिन्यात उभा होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मामा, कुत्र्याची मला काळजी नाही," नाना म्हणत होते, "तो शहाणा आहे. मी येईपर्यंत जरा आमच्या जावयाला सांभाळा."