मिलिंदभाऊंचे दोन रणगाडे

संगणक सुरू करण्याआधी मिलिंदभाऊ त्याच्या डब्यावर फुंकर मारत. पूर्वी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट अडली की आपण सगळेच तिच्यात फुंकायचो, ती सवय. आता कॅसेट कुठली? सगळे जुने खेळ इम्युलेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचे, फुंकायला जागाच नाही. तरी हा माणूस फुंकायचाच. मी हसलो की म्हणत, "हस भो, हस. जुनं शे, पन मरेल नही."

जळगावला पाइपच्या कंपनीत आमची टेबलं शेजारी होती. भाऊ मूळचे शिंदखेड्याचे. साहेबांसमोर पुस्तकी मराठी, आमच्यात आले की अहिराणी. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे राजकारणावर भांडत. भाऊ भंगारातून आणलेला मदरबोर्ड टूथब्रशनं घासत बसत. एकाचा पंखा, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय, आणि त्यातून चालता संगणक उभा करायचा. "कशाला हा उपद्व्याप? नवा घ्या ना!" मी वैतागायचो. "नवा तर कोनीबी चालू करस," ते म्हणायचे, "मरेलले उठाडामा मजा शे." आणि पुन्हा ब्रश घासायला लागायचे.

मग शोभावहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण समोरचं माणूस ओळखतात की नाही, कोण जाणे. मूलबाळ नव्हतं. घरात ही दोघंच.

लग्न झाल्यापासून दोघं रोज संध्याकाळी रणगाड्यांचा खेळ खेळत. दोघांचे दोन रणगाडे. खाली आपला तळ, वरून शत्रू येतो. भाऊ पुढं घुसून मारामारी करत, वहिनी तळ राखत. "मी पहिलेच मरी जास, ती टिकी राहस," असं भाऊ कौतुकानं सांगायचे. झटक्यानंतर एकदा त्यांनी तो खेळ वहिनींच्या खाटेशी लावला. सुरुवातीची धून वाजली आणि वहिनींचा डावा अंगठा चादरीवर फिरायला लागला. वर, खाली, बाजूला. दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात धापा टाकत आले. "तिले आठवस भो! अंगठा हालना!" एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर रडला.

त्या खेळाच्या रिमोटवर डाव्या अंगठ्यानं रणगाडा चालतो, उजव्यानं गोळी सुटते. उजवा हात तर गेलेला. म्हणून भाऊंनी इम्युलेटरमध्ये सोय केली की वहिनींच्या गोळ्या आपोआप सुटत राहतील. मी स्वतः पाहिलंय, तोंडातून शब्द न फुटणारी ती बाई तळाभोवती रणगाडा फिरवत होती. डॉक्टर म्हणाले, हे सोडू नका, यातूनच काही झालं तर होईल. भाऊंना तेवढं पुरे झालं.

मे महिना आला. जळगावचा मे, तो भोगल्याशिवाय कळायचा नाही! तापलेला संगणक खेळता खेळता बंद पडू लागला. आम्हा खानदेशी माणसांना उन्हावर एकच इलाज ठाऊक, कूलर. भाऊंनी संगणकाचा बाजूचा पत्रा काढला आणि खिडकीतला कूलर असा वळवला की वारा अर्धा वहिनींना लागेल, अर्धा संगणकाला. खेळ झकास चालू लागला. पण कूलरचा वारा ओला आणि आमच्याकडचं पाणी खारं. एका संध्याकाळी ऐन रंगात पडदा काळा झाला. उघडून पाहिलं तर बोर्डावर हिरवट पांढरा थर. वहिनींचा अंगठा रिमोटवर तसाच फिरत होता.

"माझा लॅपटॉप घेऊन जा तोवर," मी म्हणालो. भाऊ ऐकेनात. दोघं इतकी वर्षं ज्यावर खेळत आले, तोच जुना डबा टीव्ही त्यांना चालवायचा होता, आणि त्याला जोडता येईल असा बोर्ड आता कुठं मिळत नव्हता. "तिले तेच रंग पाहिजे, तोच आवाज. तिले फसाडानं नही," हे त्यांचं म्हणणं. ऑफिस सुटलं की ते बोर्ड शोधायला निघत. भुसावळ, चाळीसगाव, कुठल्या कुठल्या भंगारवाल्यांकडे. वहिनींजवळ शेजारच्या मावशी बसत. शेवटी तसाच बोर्ड धुळ्यात मिळाला. भाऊंनी सुट्टी टाकून संगणक जोडला आणि मला हौसेनं घरी बोलावलं.

तेच रंग, तीच धून. रिमोट वहिनींच्या हातात दिला. अंगठा हलला नाही. "शोभा, देख ना, उना देख तो," भाऊ पडद्यावर आलेल्या शत्रूकडे बोट दाखवत होते. वहिनी भिंतीकडे पाहत होत्या. त्यांचा रणगाडा तळाशी नुसता उभा. तेव्हा भाऊंनी आपला रणगाडा मागं वळवला आणि त्यांच्या रणगाड्याच्या पुढ्यात नेऊन उभा केला. मला तिथं बसवेना.

डॉक्टरांच्या मते मधल्या काळात मेंदूत रक्ताची आणखी एक गाठ झाली असावी. अंगठा पुन्हा कधी हलला नाही. दिवाळीच्या आधी वहिनी गेल्या.

वहिनींसाठीची पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले, तेव्हा मी भाऊंशेजारी सतरंजीवर टेकलो. म्हटलं, "भाऊ, डॉक्टर स्वतः सांगतात ना, गाठ झाली म्हणून. कूलरमुळे काही झालं नाही. मशीन बंद पडलं म्हणून जीवाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मशीनना विषयच नही भो," ते म्हणाले. "ती मशीनकरता अंगठा हालाडे, हाई कोनी सांगं? रोज सांजले मी तिनाजोडे बसू. मंग मी बोर्ड शोधाले निंघी गऊ, आन् महिनाभर तिनाजोडे बसनूच नही."