पिशवी काढायला मीच सांगितलं

"तुमच्या गर्भपिशवीत गाठी आहेत. त्यातली मोठी आतल्या पोकळीत शिरली आहे, म्हणून एवढं रक्त जातंय," अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागदावर उलट्या पेरूसारखी पिशवी काढली आणि तिच्यात लिंबाएवढे गोल काढले. एक गोल संत्र्याएवढा होता.

मी त्या चित्राकडे बघत होते. माझे पती विलास शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

"मुलंबाळं?" मॅडमनी विचारलं.

"नाहीत," मी म्हणाले.

"अजून हवंय?"

"हाव," विलास लगेच म्हणाले. मी काहीच बोलले नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. या आजारपणातलं मला आज काय टोचत असेल, तर ती सलाइन आणि इंजेक्शनं नाहीत, ते माझं गप्प बसणं.

आम्ही पिंपळगाव राजाला राहतो. विलासचं तिथं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या मोटरीत नवी तार भरून देतात. मी खामगावच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, रोज एस.टी.नं जाणं-येणं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकलं नाही. मग तपासण्या, गोळ्या, नागपूरच्या खेपा. एके वर्षी आम्ही जायचं थांबलो. विलासना वाटत होतं, आपण थोडं थांबलोय. मला माहीत होतं, मी कायमची थांबले आहे. पण हे मी कधी तोंडानं म्हटलं नव्हतं.

अंगावरून जास्त जायला लागलं तेव्हा मी ते वयावर ढकललं. ऑफिसातल्या बायकाही म्हणायच्या, चाळिशी आली की असंच होते. दोन पॅड एकावर एक लावायची, वर जुन्या सुती साडीची घडी. तरी तासाभरात भिजायचं. रक्ताच्या गाठी पडायच्या. त्या दिवसांत बसमध्ये जागा असली तरी मी दांड्याला धरून उभी राहायचे. शाळेचा जिना चढताना धाप लागायची. खडूचा डबा उघडला की तो खडू चावून बघावासा वाटायचा. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नसते, शरीरातलं लोह फार कमी झालं की असं होतं, हे मला नंतर कळलं. तुमच्यापैकी कोणाला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लपवू नका, रक्त तपासून घ्या.

एका सकाळी कपाटातून दाखल्यांचा गठ्ठा काढताना मी खाली पडले. शाळेतल्या बाईंनी मला खामगावच्या दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला लाल भाग, बाईमाणसाला बारा असावा. माझा सहाच्याही खाली होता. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही चालत कशा आल्या?" रक्त चढवलं, आणि सोनोग्राफी करून मला अकोल्याला पाठवलं.

मॅडमनी आम्हाला घाई केली नाही. या दुखण्याला मेनोरेजिया म्हणतात, म्हणजे पाळीत प्रमाणाबाहेर रक्त जाणं, आणि माझ्या गाठींना फायब्रॉइड. कॅन्सरच्या नसतात, पण माझ्या छळणाऱ्या होत्या. ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत घेतल्या की रक्त कमी जातं, बऱ्याच जणींचं त्यावर भागतं. हार्मोनच्याही गोळ्या असतात. पिशवीत बसवायची कॉपर-टीसारखी एक वस्तू येते, ती आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडते आणि काही वर्षं पाळी अगदी हलकी होते. "पण तुमची मोठी गाठ आतच आहे. ती वस्तू टिकायची नाही, पडून जाईल," मॅडम म्हणाल्या. राहिली दोन ऑपरेशनं. मायोमेक्टॉमी म्हणजे नुसत्या गाठी काढायच्या आणि पिशवी शिवून ठेवायची. हिस्टरेक्टॉमी म्हणजे पिशवीच काढायची.

"पिशवी ठेवली तर गाठी पुन्हा येऊ शकतात. आणि तुमचं वय बघता दिवस राहण्याची शक्यता फार नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण मूल हवं असेल तर हाच रस्ता आहे."

"ठेवा मग," विलास म्हणाले. माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

निर्णयाआधी एक तपासणी बाकी होती, एंडोमेट्रियल बायोप्सी. पिशवीच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासतात, काही वाईट नाही ना हे बघायला. पोटात कळ येते, पण सहन होते. रिपोर्ट यायला वेळ होता, म्हणून आम्ही घरी आलो.

ते दिवस मी विसरू शकत नाही. विलास दुकानातून येताना खारीक, पालक, बीट आणायचे, स्वतः चिरायचे. शेजारणी भेटायला यायच्या. एक म्हणायची, "काढून टाक बाप्पा, कटकट मिटते." दुसरी म्हणायची, "नको काढू, कंबर कायमची जाते." मी सगळ्यांना हो म्हणायचे. आणि भाजी निवडता निवडता माझ्या मनात यायचं, रिपोर्ट थोडा वाईट यावा. फार नाही. एवढाच, की डॉक्टरच म्हणतील, पिशवी काढावी लागेल. म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. विलासना वाईट वाटेल, पण माझ्यामुळे नाही.

समोर ते माझ्यासाठी बीट किसत बसलेले, आणि मी हे मागत होते.

रिपोर्ट चांगला आला. मॅडमनी "काही नाही, निर्धास्त राहा" म्हटलं आणि मी तिथंच रडले. विलासनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. वेटिंग रूममधल्या एका म्हातारीनं मला पाणी दिलं, म्हणाली, "रड बाई, आनंदाचं रडू हाय." मी ते पाणी प्यायले.

रक्त इतकं कमी असताना ऑपरेशन करता येत नाही. म्हणून मॅडमनी ल्युप्रोलाईड नावाचं इंजेक्शन सुरू केलं, दर महिन्याला एक. ते अंडाशयांना काही काळ झोपवतं, पाळी थांबते, गाठी थोड्या आकसतात आणि तेवढ्यात रक्त भरून काढता येतं. हाडं ठिसूळ होतात म्हणून ते फार दिवस देत नाहीत. अंगातून गरम वाफा निघायच्या, ऑफिसात भर पंख्याखाली घाम फुटायचा. पण पाळी आली नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही.

तेव्हा मला कळलं की माझं काय काय गेलं होतं. चुलतबहिणीच्या लग्नात मी फिकट गुलाबी साडी नेसून पंगतीत मांडी घालून बसले आणि पोटभर जेवले. शाळेचा जिना बोलत बोलत चढले. दर महिन्याला पाळी येईपर्यंतचं ते वाट बघणंही बंद झालं होतं. माझं नव्हे, विलासचं. महिन्याच्या शेवटी ते मला न विचारता विचारायचे, आणि मी मान हलवायचे. आता विचारायला काही नव्हतं आणि मी सुखात होते. ते मात्र त्यांच्या आईला फोनवर सांगत होते, "पिशवी वाचली, माय. गाठीच काढून राह्यले."

ऑपरेशन जवळ आलं तशी माझी भूक गेली. एका सुट्टीच्या दुपारी मी दुकानात चहा घेऊन गेले. शटर अर्धं खाली होतं, विलास एका मोटरीत तार भरत होते.

"मले पिशवी ठेवाची नाही," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. "काय म्हन्ली?"

"काढून टाका, असं सांगाचं हाय मॅडमले."

"पन मॅडम तर म्हणे, ठेवता येते."

"येते. मलेच नाही ठेवाची."

"काऊन?"

"थकली मी. गाठी पुन्हा येतीन, पुन्हा हेच. आन् लेकरू होईन असं मले वाटत नाही. मले आता वाटच नाही पाहाची."

त्यांनी हातातली तार खाली ठेवली. "हे कधीपासून हाय तुया मनात?"

"लय दिवस झाले."

"मंग मॅडमनं विचारलं तवा काऊन नाही बोलली?"

"तुम्हाले वाईट वाटीन म्हणून."

"आन् आता नाही वाटून राह्यलं?"

मी चहा तिथं ठेवला आणि घरी आले. संध्याकाळी ते आले, जेवले, "मीठ बरोबर हाय" म्हणाले. पुढचे कित्येक दिवस ते असेच चांगलं बोलत राहिले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अकोल्याला मात्र ते सोबत आले. मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी विलासकडे बघितलं. "तिलेच विचारा," ते म्हणाले. "तरास तिचा हाय." मॅडमनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री आहे ना, हे परत फिरवता येत नाही. मग समजावलं की अंडाशय चांगले आहेत, ते ठेवू, म्हणजे म्हातारपण एकदम अंगावर येणार नाही. मी सही केली. ती दुसऱ्या कोणी करावी असं वाटलं नाही.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, पोटावर छेद घेऊन, कारण पिशवी मोठी झाली होती. मी जागी होते, दुखत नव्हतं, नुसती ओढाताण कळत होती. नंतर नातेवाइकांना बोलावून काढलेला भाग दाखवतात. विलासना आत बोलावलं. वॉर्डात आणल्यावर ते माझ्या खाटेशी आले. चेहरा उतरलेला होता.

"लय मोठी होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे घेऊन तू रोज खामगावले जात होती?"

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या एरवी थोरल्या दिराकडे असतात. मला घरी सोडलं त्याच दिवशी त्या कापडी थैलीत दोन लुगडी घेऊन आल्या आणि माझे टाके भरेपर्यंत राहिल्या. मला पाण्याची कळशी उचलू दिली नाही. पातळ खिचडी करून भरवली. त्या काय बोलतील याची मी मनात तयारी केली होती, उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. एकदा स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून डोळे पुसताना मला दिसल्या. वेणी घालून देताना मला हुंदका आला, तर एवढंच म्हणाल्या, "रडू नको. टाके ताणतात." ती जुळवलेली उत्तरं माझ्याजवळ तशीच राहिली.

मी लवकर बरी झाले. खोकताना पोटाला उशी दाबून धरायची, जड उचलायचं नाही, चालत राहायचं, मॅडमनी सांगितलेलं सगळं केलं. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं. कंबर गेली नाही. मला ताकद आली तसा माझा अपराधीपणा वाढला. विलाससमोर हसायची चोरी वाटायची. ते गप्प दिसले की मी म्हणायचे, "चुकलं का माझं?" ते म्हणायचे, "नाही बा." मग मी पुन्हा विचारायचे. दाखवायला गेले तेव्हा मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चूक केली नाही. पण त्यांच्या तोंडून ते रोज वदवून घेताय, त्यानं त्यांनाही बोलता येत नाही."

ज्या बायका हे वाचत असतील त्यांना मी पिशवी काढा असं सांगत नाही. तुमचं दुखणं कदाचित गोळ्यांवर थांबेल, कदाचित त्या हार्मोनच्या वस्तूवर. आधी कारण शोधा, सोनोग्राफी करा, रक्त तपासा. शेजारणीची कंबर आणि शेजारणीची कटकट बाजूला ठेवा. आणि डॉक्टरांनी काय हवंय असं विचारलं की खरं उत्तर पहिल्याच दिवशी द्या. मी ते उशिरा दिलं. तेवढे दिवस एक माणूस माझ्यासाठी बीट किसत खोट्या आशेवर राहिला. मला रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांचे, मॅडमचे आणि आत्याबाईंचे उपकार आहेत. त्यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही.

मागच्या महिन्यात दिराच्या मुलीच्या बाळाचं नाव ठेवलं. विलास बाळाला घेऊन खूप वेळ मांडवात फिरले. घरी आल्यावर कपडे न बदलताच दारापुढच्या ओट्यावर बसले. मी जाऊन शेजारी बसले.

"वाईट वाटते मले," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

नेहमीचा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. मी तो गिळला. आणि मग लक्षात आलं की माझंही काहीतरी गेलंय, आणि हे दुःख त्यांच्यासाठीचं नाही.

"हाव," मी म्हणाले. "मलेई वाटते."

ते थोडे सरकले, भिंतीला टेकायला मला जागा करून दिली. आम्ही बराच वेळ तिथं बसलो. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली नाही.