विमानातली बिनकामाची वायर

आमच्या गोठ्यात तीन वर्षं विमान आहे आणि म्हशी बाहेर आहेत.

विमान माझ्या मुलाचं. दत्ताचं किकवीला हायवेलगत वेल्डिंगचं दुकान आहे. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशी कामं तो चांगली करतो. गेट करणाऱ्याने गेट करावं. पण याने कुठूनतरी विमानाचे नकाशे मागवले आणि पाइप तो पाइपच, गेटाचा काय अन् विमानाचा काय, असं म्हणून सुरुवात केली. दोन माणसं बसतील एवढंच विमान. दुकानात जागा नव्हती, गोठ्यात होती. (म्हशींना कुणी विचारलं नाही. मलाही नाही.) पहिले आठ दिवस म्हशी आणि विमान एकत्र राहिली. मग आमच्या चंद्रीला अंग खाजवायची लहर आली. तिने विमानाच्या शेपटीला पाठ घासली आणि शेपटी वाकली. लगेच न्याय झाला. घराच्या पश्चिमेला चार मेढी रोवून वर पत्रे टाकले आणि दोन्ही म्हशींची रवानगी तिकडे केली.

उन्हाळ्यात ते चाललं. पण आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, डोंगराकडून आडवा येतो. गेल्या पावसाळ्यात त्या पत्र्यांखाली एक रेडकू गारठून गेलं. यंदा चंद्री पुन्हा गाभण होती आणि आषाढात विणार होती. मी दत्ताला सांगून टाकलं, की मृगाच्या आत गोठा रिकामा पाहिजे. विमान उडव, नाहीतर भंगारात घाल, मला दोन्ही चालेल.

दत्ता म्हणाला, पुण्याहून एक साहेब येणार आहेत. त्यांचं सगळं आयुष्य विमानं तपासण्यात गेलं. त्यांनी वायरिंग आणि इंजिन बघून सही केली, की विमान टेम्पोत घालून डोंगरापलीकडच्या धावपट्टीवर न्यायचं. सही नसेल तर तिथं कुणी दारातही उभं करणार नाही. म्हणजे ते विमान पास व्हावं असं दत्तापेक्षा मला जास्त वाटत होतं. त्याला आभाळ पाहिजे होतं, मला गोठा पाहिजे होता.

आता वायरिंग कुणी करायचं? घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, म्हणून ते आमच्या मालकांकडे आलं. मालकांचा मांडवाच्या लायटिंगचा धंदा होता. भोर ते वेल्हे असं एक लग्न नसेल जिथं त्यांची माळ लागली नाही, आणि असंही एक नसेल जिथं मंगलाष्टकांच्या वेळी ती विझली नाही.

मालकांनी विमानात बटणं बसवली. घरातलं बटण खाली दाबलं की दिवा लागतो. विमानात म्हणे उलटं असतं, वर केलं की चालू. मालकांना हे पटेना. चाळीस वर्षं खाली दाबत आलेला माणूस एकदम वर कसा करील? तीन दिवस बापलेक त्यावर भांडले. मग सगळी बटणं काढून उलटी बसवली. त्यानंतर दिव्यांची पाळी. विमानाच्या डाव्या पंखाला तांबडा दिवा, उजव्या पंखाला हिरवा, शेपटीला पांढरा. मालकांनी नवरदेवासमोर उभं राहावं तसं विमानासमोर उभं राहून डावं-उजवं ठरवलं. त्यामुळे तांबडा गेला उजवीकडे आणि हिरवा डावीकडे! विमानात बसणाऱ्याचं डावं-उजवं धरायचं असतं, हे दिवे बसवून झाल्यावर कळलं. पुन्हा सगळं उचकटलं. मालकांच्या मनात सगळे दिवे पळते करायचे होते, पण दत्ताने हात जोडले.

या कामात माझाही हात होता, हे लपवण्यात अर्थ नाही. माझं मनगट बारीक. पंखाच्या आतून वायर ओढायची असली की मला हाक यायची. मी चौथीपर्यंत शिकले, तेव्हा वीज पुस्तकात नव्हती आणि गावातही नव्हती. पण मांडववाल्याशी जन्म काढल्यावर बाईला वायरिंग आपोआप येतं असा माझा समज झाला होता. सुईणीच्या नवऱ्याला बाळंतपण येतं, तितपतच मला वायरिंग येत होतं.

इथं आमच्या घरची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे तिसऱ्या वायरीला कधी जागा मिळालेली नाही. मिक्सर आणला, त्याच्या प्लगला तीन पाय आणि आमच्या भिंतीत भोकं दोन. मालकांनी पक्कडीने तिसरा पाय मोडला. इस्त्रीचाही मोडला, फ्रिजचाही मोडला. मांडवात तर तिसरी वायर ते आधीच छाटायचे. ती अर्थिंगची असते, ती कंपनीवाले द्यायची म्हणून देतात, असं त्यांचं मत. आमच्या वाडीत हे मत सगळ्यांचंच आहे. मिक्सरला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून आम्ही स्लिपर घालून चटणी वाटतो. चटणी चांगली होते.

तर, साहेब यायचा रविवार उजाडला. दत्ता त्यांना आणायला हायवेला गेला, मालक अंघोळीला गेले आणि मी गोठा झाडायला घेतला. झाडता झाडता वाटलं, एकदा बटणांच्या मागं नजर टाकावी. पुण्याचा माणूस आहे, आधी मागंच बघेल. बॅटरी घेऊन आत वाकले. सगळ्या वायरी ओळीत होत्या. ही तांबड्या दिव्याला, ही हिरव्याला, ही पुढच्या मोठ्या दिव्याला. त्यात एक काळी वायर दिसली. शेवटच्या दोन बटणांपासून निघाली होती आणि सरळ जाऊन पत्र्याला स्क्रूने आवळली होती. पुढं दिवा नाही, मोटर नाही, काही नाही. नुसता पत्रा.

मी कपाळावर हात मारला. मालकांनी नको तिथं ती तिसरी वायर तशीच ठेवली होती. साहेबाला दिसली असती तर म्हणाला असता, हे कसलं काम, वायर सोडून दिलीय. आणि सही राहिली असती, आणि माझी म्हैस पावसात व्याली असती. पक्कड शोधायला वेळ नव्हता. कमरेच्या पिशवीत अडकित्ता होता. वायर सुपारीपेक्षा मऊ निघाली. दोन्ही टोकं आतल्या बाजूला नीट दुमडून ठेवली आणि झाडून घेतलं.

दहाच्या सुमाराला साहेब आले. बारीक माणूस, पांढऱ्या मिशा, खिशाला चार पेनं. विमान ढकलत खळ्यात आणलं. चाकांना दगड लावले, शेपटीला दोरखंड बांधून तो जांभळीच्या बुंध्याला आवळला. साहेब म्हणत होते तोंड उत्तरेला करा. मी मधे पडले. नवी गाडी असो नाहीतर विमान, पहिल्यांदा सुरू करताना तोंड पूर्वेलाच पाहिजे. साहेब हसले आणि म्हणाले, आजींचं ऐका. तोंड पूर्वेला झालं. शेपटी पश्चिमेला गेली. पश्चिमेला कोण होतं ते वर लिहिलंच आहे.

आधी दिवे तपासले. साहेब एकेक नाव घ्यायचे, दत्ता आत बसून बटण वर करायचा. तांबडा लागला, हिरवा लागला, शेपटीचा लागला. पुढचा मोठा दिवा असा लागला की दिवसाउजेडी कोंबडा दचकला. साहेब प्रत्येक वेळी कागदावर बरोबरची खूण करत होते आणि प्रत्येक खुणेला माझी चंद्री चार पावलं गोठ्याकडे सरकत होती, असं मला दिसत होतं.

साहेबांनी विचारलं, "काम सुबक आहे. कुणी केलं?"

मालक तोंड उघडणार तोवर मी म्हटलं, "दोघांनी मिळून. शेवटचा हात माझा हाय."

हे वाक्य मी बोलले नसते तर पुढं माझी बरीच सोय झाली असती.

मग इंजिन सुरू केलं. आधी खोकलं, मग धरलं. पंखा दिसेनासा झाला. आमची सून शोभा चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर उभी होती, तिचा पदर उडाला. साहेबांनी कान लावून ऐकलं, मान हलवली, कागदावर आणखी दोन खुणा केल्या आणि हाताने दत्ताला खूण केली, बंद कर.

दत्ताने शेवटची दोन बटणं खाली केली. इंजिन चालूच.

त्याने ती पुन्हा वर केली, पुन्हा खाली केली. इंजिन चालू. मग सगळीच बटणं खाली केली. तांबडा विझला, हिरवा विझला, पांढरा विझला. इंजिन मात्र मजेत. मालकांनी चाळीस वर्षांच्या अनुभवाने धावत जाऊन घरातला मेन स्विच पाडला. (त्याने टीव्ही बंद झाला.) मग परत येऊन त्यांनी विमानाच्या बॅटरीची वायर उपटून हातात घेतली. तरी इंजिन चालू! साहेब ओरडून काहीतरी सांगत होते, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. दत्ता घाबरला. वेग कमी करायचा दट्ट्या त्याने ओढायच्या ऐवजी ढकलला.

त्यानंतर जे वारं सुटलं ते मी जन्मात पाहिलं नाही. साहेबांचे कागद पंख्याच्या वाऱ्यात सापडले आणि सगळ्या खुणांसकट गावाच्या दिशेने गेले. मग कडब्याच्या पेंढ्या उठल्या. मग पहिला पत्रा वाजला. मी 'म्हशी, म्हशी' म्हणत तिकडे पळाले आणि निम्म्यात बसले, कारण उभं राहता येईना. माझ्या डोळ्यांदेखत सगळे पत्रे एकामागून एक उचलले गेले आणि शेजारच्या भाताच्या वाफ्यात जाऊन पडले. दोन्ही म्हशींनी दावी तोडली. चंद्री, जी गाभण असल्यापासून पाणी प्यायलासुद्धा उठायला कुरकुरायची, ती शेपूट वर करून ओढ्याकडे अशी पळाली की त्या दिवशी तिथं उडायच्या लायकीचं जर कुणी असेल तर तीच.

शेवटी साहेब वाकत वाकत दत्तापाशी गेले आणि त्याचा हात धरून पेट्रोलचा कॉक बंद केला. नळीत उरलेलं पेट्रोल संपेस्तोवर इंजिन आणखी थोडा वेळ गुरगुरलं आणि मग थांबलं. सून तशीच ट्रे धरून उभी होती. ट्रेमध्ये कप होते. चहा नव्हता.

साहेबांनी कपडे झटकले, खिशातली बॅटरी लावली आणि बटणांच्या मागं डोकं घातलं. बराच वेळ डोकं बाहेर येईना. आलं तेव्हा बोटाच्या टोकाला काहीतरी होतं. ते त्यांनी उन्हात धरून बघितलं.

"ही काळी वायर कापलीय. आणि टोकाला सुपारी कशी लागली?"

मालक सुपारी खात नाहीत. दत्ता खात नाही. शोभाने माझ्या कमरेच्या पिशवीकडे बघितलं. मालकांनी बघितलं. दत्ताने बघितलं.

मी म्हटलं, "बिनकामाची व्हती. कुठंच जात न्हवती."

साहेब रागावले नाहीत, हे वाईट झालं. ते माझ्याशेजारी ओट्यावर बसले आणि लहान पोराला सांगावं तसं सांगू लागले. घरात वायर तोडली की दिवा विझतो. या इंजिनाचं तसं नाही. ते आपली ठिणगी आपणच तयार करतं. बटण खाली केलं की त्या काळ्या वायरीतून ती ठिणगी पत्र्यात जिरते आणि इंजिन थांबतं. वायर तोडली की थांबवायला काही उरत नाही.

"म्हणजे आजी, ही वायर एकदा कापली की ते कुणाचं ऐकत नाही."

मालक मागून म्हणाले, "साहेब, मग हिची बी कुणीतरी कापलीया."

अख्खं खळं हसलं. सून सगळ्यांत आधी हसली, हे मी लक्षात ठेवलं आहे.

साहेबांनी सही केली नाही. म्हणाले, जिथं कुणीही अडकित्ता घेऊन आत जातं तिथल्या विमानात मी माणूस बसू देणार नाही. सगळं वायरिंग परत तपासा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा, विमानाला रात्रंदिवस राखण ठेवा, दिवाळीनंतर बघू. मला वाटलं होतं निदान चहाला तरी थांबतील. पण चहा अंगणभर झाला होता.

म्हशी दुपारी ओढ्यात सापडल्या. चंद्रीला काही झालं नव्हतं, पण तिला बांधायचं कुठं? पत्रे चेपले होते, मेढी तिरक्या झाल्या होत्या. गोठ्यात विमान, आणि त्याला तिने एकदा पाठ घासलेली. मृग चार दिवसांवर. दुसरी म्हैस भोंगवलीला माझ्या नणंदेकडे पाठवली, पण दिवस भरत आलेलीला कुठं चालवायचं? घरात कोरडी, मोठी, दार असलेली जागा एकच. ती म्हणजे पडवी. पडवीत माझी खाट होती.

कुणी मला जा म्हणालं नाही. नुसतं सगळे पडवीकडे बघत राहिले. मी खाट उचलली.

चंद्री पडवीत व्याली. रेडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. मालक तिच्याजवळ शेगडी ठेवतात, शोभा तिच्या अंगावर माझी वाकळ घालते. विमानाला राखण पाहिजेच होती, म्हणून माझी खाट गोठ्यात टाकली आहे, डाव्या पंखाखाली. अडकित्ता रोज संध्याकाळी दत्ताकडे जमा करायचा अशी अट आहे. पाऊस आडवा आला की पंखाचा आडोसा बरा होतो, एवढं मी विमानाच्या बाजूने बोलते.

परवा नणंदबाई रेडी बघायला आल्या. मी गोठ्यातून ऐकत होते. त्यांनी दारातूनच विचारलं, "वैनी कुठं हायत गं?"

शोभा म्हणाली, "सासूबाई गोठ्यात हायत."

"आन् म्हस?"

"ती आत झोपलीया. आत्या, जरा हळू बोला."