चिमूटभर मोरचूद

“घरात माझ्याखेरीज आणखी कुणाचातरी श्वास चालायला हवा,” बाइंडरबाई एकदा धाकट्या बहिणीला म्हणाल्या होत्या. नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बहिणीने ते हसण्यावारी नेलं. पण बाईंनी मनात घेतलं की घेतलं. बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातून त्यांनी एक राखाडी बोका आणला. एक कान फाटलेला, तोंडावर कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव.

बाईंचं घर म्हणजे एकच लांब खोली. एका टोकाला पलंग नि शेगडी, दुसऱ्या टोकाला पुस्तकं दाबायचा शिकंजा आणि पुठ्ठ्यांच्या चळती. मधे भिंत नाही. वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिथे येत आणि नवी पाठ घेऊन परत जात. बाई शिवता शिवता बोक्याशी बोलायच्या. “ऊठ रे लबाडा, शब्दकोशावर बसलायस.” तो ढिम्म. बाईंच्या आवाजात मात्र पुन्हा जीव आला.

मग बोक्याला खळीची चटक लागली. मैद्याची खळ, आणि पुस्तकांना कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. निळं विष. सासऱ्यांच्या वेळेपासून ती तशीच शिजत आली होती. एका सकाळी बोका हिरवट ओकला आणि शेगडीमागे निपचित पडला. जनावरांच्या डॉक्टरांनी वाचवला, पण बजावलं, “पुन्हा असं झालं तर माझ्याही हातात काही राहणार नाही.”

बाई हटल्या नाहीत. भांड्यावर दगड ठेवला, तर तो पुस्तकांच्या ओल्या पाठी चाटू लागला. खळीत तिखट घातलं, ती तिखटासकट चाटली. पलंगाला बांधला, तर असा आकांत मांडला की बाईंना सुई चालवेना. शेवटी मोरचूद घालणंच सोडलं. काही महिन्यांनी ग्रंथपाल एक गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. पानापानांतून आरपार भोकं. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “तुमच्या हातचं असं कधी झालं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोक्याला टोपलीत घातलं आणि बहिणीचं घर गाठलं.

“धंदाच बंद कर की, ताई,” बहीण म्हणाली. “साठी उलटली. किती दिवस दुसऱ्यांच्या पुस्तकांचे कणे जोडत बसणार?”

“हात चालतात तोवर.”

“मग डब्यातला गोंद आण बाजारातून.”

“आणला होता. पुस्तक उघडलं की पाठ तडकते. तसलं काम मी माझं म्हणून देणार नाही.”

“म्हणजे बोक्यापेक्षा खळ मोठी झाली?”

“खळीशिवाय मी उरत नाही, आणि खळीपाशी तो उरत नाही. उगाच फाटे फोडू नकोस.”

बहीण वरमली. “बरं बाई, राहू दे इथं. मलाही विरंगुळा. तू दर रविवारी येत जा, तुझाच आहे तो.”

“नाही येणार.”

“आता माझ्यावर कशाला रुसतेस?”

“रुसत नाही गं. आता पुन्हा मोरचूद घालणार. कितीही घासलं तरी नखांतलं निघत नाही. आणि हा मी दिसले की आधी बोटं चाटतो.”

बोका टोपलीतून उतरला, खोलीभर हुंगून आला आणि मागच्या पायांवर उभा राहून बाईंचा हात शोधू लागला. बाईंनी हात पाठीमागे नेले. तो वळसा घालून मागे गेला. त्यांनी ते छातीशी आवळून धरले.

“थांब, मी दूध आणते,” बहीण घाईने उठली. “तोवर त्याला जरा—”

बाईंनी कोपराने दार लोटलं आणि त्या निघून गेल्या.