काकीच्या कुणग्यासमोर कांदळ

चिखलात रोप कसं लावायचं हे आम्हाला कुणी शिकवावं, याचाच मला राग आला होता. आमच्या महिला गटातल्या बायका परकराच्या वयापासून भाताची लावणी करत आल्यात. आणि वनखात्याचा तो तरुण साहेब खारफुटीची शेंग हातात धरून खाडीच्या बांधावर उभा राहून सांगत होता, "कांदळाच्या शेंगेचं टोक खाली, आणि दोन शेंगांमध्ये पाच फूट अंतर ठेवा."

"आमका लावणी शिकवतास काय?" मी म्हटलं. सगळ्या खो खो हसल्या. तोही बिचारा हसला आणि उद्या बघायला येतो म्हणून कुडाळला परतला.

बांधाच्या आत आमचे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं. त्यातला अगदी शेवटचा शेजारच्या काकीचा. अलीकडे समुद्राचं उधाण फारच वर चढतं. सलग दोन वर्षं त्याने बांध फोडला, काकीच्या कुणग्यात खारं पाणी शिरलं आणि भात करपलं. गटाच्या बैठकीत मी हवामान बदलावर लंबंचौडं भाषण ठोकलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नाव कायय आसांदे गो, कुणगो माजो खारट झालो." तिने तो पडीक टाकला. तिचा एकुलता एक कुणगा होता तो. म्हणून बांध पुन्हा घालून लाटांचा मार अडवायला बाहेरून कांदळ लावायचं ठरलं होतं.

ओहोटी लागली तशा आम्ही चिखलात उतरलो. काय तो जोर! वाकलं की हात आपोआप चालतो. वीतभर अंतर, एका जागी तीन-तीन शेंगा, भाताची लावणी करावी तशा. तासाभरात सगळ्या शेंगा संपल्या. कंबर सरळ करून पाहिलं, तर आम्ही जेमतेम माझ्या कुणग्यापर्यंत पोचलो होतो. काकीसमोरचा चिखल रिकामाच होता.

काकी गुपचूप पाय धुऊन घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "बाई, हे भात नाही! ही झाडं होणार आहेत!"

"कळला, कळला," मी म्हटलं आणि पदर खोचला. भरती यायला दोन तास होते. आम्ही शेंगा उपटत सुटलो. एक ठेवायची, बाकीच्या टोपलीत. टोपल्या हातोहात पुढे जात होत्या. साहेबाने पँट दुमडली आणि तोही चिखलात उतरला. अंतर मोजायला काठी कोण शोधणार? दोघींनी एका लुगड्याला पाच-पाच फुटांवर गाठी मारून त्याची दोन टोकं धरली. शेवटची शेंग काकीच्या कुणग्यासमोर रोवली तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि आम्ही शिमगा असल्यासारख्या ओरडत होतो.

त्याला आता चार वर्षं झाली. यंदा आषाढातल्या अवसेला मोठं उधाण येणार म्हणून आम्ही सगळ्या बांधावर जमलो. कांदळ आता डोक्याच्या वर गेलंय. लाट यायची, त्या फांद्यांत शिरायची आणि बांधापर्यंत नुसतंच पाणी पोचायचं. मातीचं एक ढेकूळ ढळलं नाही!

पाणी उतरल्यावर काकी कुणग्यात उतरली. साचलेल्या पावसाच्या पाण्यात बोट बुडवून तिने चाखलं. पुन्हा चाखलं. 

"गोडा आसा गो!" ती ओरडली आणि मटकन कुणग्याच्या मेरेवर बसली. "आणि मी तरवोच पेरूक नाय!"

खरंच की, यंदाही पाणी खारंच होणार म्हणून तिने भाताची रोपं केलीच नव्हती. मी धावत सुटले. माझ्या मागे सगळ्या धावल्या. जिचा जिचा तरवा लावून उरला होता, तिने मुठी आणल्या. मी तर माझ्या लावायच्या राहिलेल्या कोपऱ्यासाठीचाही उचलून आणला. लाल भाताचा, पांढऱ्या भाताचा, लवकर पिकणारा, उशिरा पिकणारा, सगळा एकत्र. दुपारपर्यंत कुणगा हिरवागार झाला.

काकी चिखलात उभी राहून रडत होती आणि वर आम्हालाच ओरडत होती, "वाकडा लावतास गो! नीट लावा, माजो कुणगो आसा तो!"