लाम्ब्रिनीचं अमेरिकन खेचर

चिठ्ठ्या पाद्रीबाबांच्या टोपीतून काढल्या होत्या आणि साऱ्या गावादेखत काढल्या होत्या. तरीही त्या दिवसापासून आमच्या कारिदोराखी गावात लाम्ब्रिनीकडे कुणी सरळ नजरेनं बघितलं नाही.

जर्मन गेले होते, पण आमची आपापसातली लढाई काही संपली नव्हती. डोंगरावर कम्युनिस्ट, खाली सरकारी फौज. कम्युनिस्टांनी देश घेऊ नये म्हणून अमेरिका सरकारला सगळं पुरवत होती. तोफा, विमानं, पीठ, दुधाची भुकटी, आणि जहाजं भरभरून खेचरं. गावात जी जनावरं होती ती आधी जर्मनांनी नेली, उरलेली डोंगरवाल्यांनी. त्यामुळे आमच्या वाट्याला चार खेचरं येणार म्हटल्यावर मोजकी माणसं सोडली तर सारं गाव चौकात लोटलं. तीन सरकारच्या बाजूच्या घरांत गेली. चौथी चिठ्ठी निघाली लाम्ब्रिनीची, आणि तिचा सख्खा भाऊ मिल्तोस डोंगरावर बंदूक घेऊन बसलेला.

मी तेव्हा शेजारच्या घरात नवी नांदायला आले होते. सासऱ्यांचं कॉफीचं दुकान होतं. बायका तिथे बसायच्या नाहीत, पण मागच्या बाजूला कप विसळताना सगळं कानावर यायचं.

"नशीब आंधळं असतं म्हणे," सासरे म्हणाले.

"नशीब असेल. चिठ्ठ्या काढणारा हवालदार आंधळा नाही," कोपऱ्यातल्या डाव्यांच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तूच ओळख. बहिणीला खेचर मिळतं ते भावाला विकल्यावर."

दुसऱ्या टेबलावर सरकारी बाजूचे बसायचे. त्यांचा हिशेब उलटा. आज खेचर तिच्या गोठ्यात आहे, उद्या डोंगरावर कम्युनिस्टांची मशीनगन वाहील, असं त्यांचं म्हणणं. एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन टेबलं लाम्ब्रिनीच्या बाबतीत मात्र एकमतानं वाईट बोलायची.

लाम्ब्रिनी विधवा. नवरा अल्बानियाच्या आघाडीवर बर्फात गेला. घरात ती आणि म्हातारी आई. बोलायला रोखठोक, हाताला दणकट. ते खेचर आमच्या खेचरांच्या दीडपट उंच होतं, तांबूस, मानेवर डाग दिल्याची खूण. आमची हाक त्याला कळायची नाही. पहिले काही दिवस ती त्याच्यापुढे उभी राहून नुसती शिव्या द्यायची आणि ते कान हलवायचं.

"ताई, खूश आहेस ना?" मी एकदा विचारलं.

"फुकटचं दूध पिताना मांजरानं मागे बघावं," ती म्हणाली. "मी बघतेय."

तिच्या मनात पाल चुकचुकत होतीच. चौकीचा हवालदार येता-जाता तिच्या दाराशी थांबायला लागला होता. वरच्या ओकच्या रानात जायची सगळ्या गावाला बंदी, पण एक दिवस तो तिला म्हणाला, "लाकडं हवी असतील तर तू वर जा, बाई. तुला कुणी अडवणार नाही."

"मलाच का?"

"विधवा आहेस. दया येते."

ती गेली नाही. खालच्या ओढ्याकाठच्या ओल्या काटक्या तोडून आणल्या आणि धुरानं डोळे चोळत त्याच जाळल्या. तिचा पक्का समज झाला होता की खेचर हे आमिष आहे. ते वर गेलं की मागोमाग शिपाई जाणार आणि मिल्तोसला धरणार.

शरदात अक्रोड झोडायच्या दिवसांत ती गावाबाहेरच्या झाडाखाली एकटी होती. खेचर बांधलेलं. भर दुपारी रानातून एक तरुण माणूस आला. दाढी वाढलेली, कोट फाटलेला.

"मिल्तोसची बहीण ना तू?"

"कोण मिल्तोस?"

"मी क्लेआंथिस. त्याच्याबरोबरचा. त्याच्या मांडीत गोळी आहे, वरच्या मेंढवाड्यात पडलाय. चालवत नाही त्याला. खेचर दे. उद्या परत आणून इथेच बांधतो."

लाम्ब्रिनीची नजर त्याच्या पायांवर गेली. डोंगरावरची माणसं कच्च्या चामड्याच्या वहाणा घालायची, नाहीतर चिंध्या गुंडाळायची. ह्याच्या पायात नवेकोरे लष्करी बूट. जाड तळव्यांचे, अमेरिकेहून फौजेसाठी आलेले.

"त्याची काही खूण आणलीस?"

"शुद्धीवर नाही गं तो. खूण कुठली आणू?"

"मला भाऊ नाही," ती म्हणाली.

तो रागावला नाही. "मग खायला तरी काही दे," म्हणाला. तिनं ओंजळभर अक्रोड त्याच्या हातात घातले आणि तो आल्या वाटेनं गेला.

मग ती विचार करत बसली. हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेव्हाही जणू तिथेच बसली आहे अशा आवाजात. हा हवालदाराचाच माणूस, माझी परीक्षा बघायला पाठवलेला. मी गप्प बसले तर संध्याकाळी तो सांगणार, हिच्याकडे डोंगरवाला आला आणि हिनं कळवलं नाही. मग मी बेटावर कैदेत आणि आई रस्त्यावर. त्या दिवसांत बायकाही बेटांवर पाठवत होते, आमच्याच गावातल्या दोघी गेल्या होत्या. ती उठली आणि खेचर घेऊन तडक चौकीवर गेली.

हवालदार शेंगा-कांद्याचं कालवण खात होता.

"तुमचा माणूस येऊन गेला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बूट बदलून पाठवा."

त्यानं पाव ताटात ठेवला. "कुठला माणूस?" अगदी हळू विचारलं.

त्या हळू आवाजावरून तिला कळलं, तो ह्याचा माणूस नव्हता. "काही नाही, थट्टा केली," असं म्हणून ती वळली, पण त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

शिपाई रानाकडे धावले. आम्ही घरात होतो, गोळ्यांचे आवाज ऐकले. क्लेआंथिसचं प्रेत चौकात आणून टाकलं तेव्हा मीही गर्दीत होते. कोवळा चेहरा होता. हवालदारानं त्याचे खिसे उलटे केले, अक्रोड खाली घरंगळले. त्यानं सगळ्यांसमोर लाम्ब्रिनीकडे बघितलं.

"हे कुणी दिले ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "तू आपलं माणूस आहेस."

दुसऱ्या दिवशी शिपाई त्या बुटांच्या ठशांचा माग काढत मेंढवाड्यापर्यंत गेले. रक्तानं भिजलेलं गवत सापडलं, मिल्तोस नाही.

आता दोन्ही टेबलांना आपलंच खरं वाटायला लागलं. डाव्यांनी म्हटलं, बघा, सांगितलं होतं. उजव्यांनी म्हटलं, अक्रोड कसे आले? सकाळी तिच्या उंबऱ्यावर कुणीतरी थुंकून जायचं आणि हवालदार मात्र चारचौघांत टोपी काढून तिला नमस्कार करायचा. त्या नमस्कारानं थुंकीपेक्षा जास्त नुकसान केलं. मी तिच्याशी बोलत राहिले, पण खरं सांगते, घरातलं काही तिच्यापुढे बोलत नव्हते.

थंडीत फौजेनं गाव रिकामं करायला लावलं. लाम्ब्रिनीनं आईला त्या खेचरावर बसवून कोनित्साला नेलं. तिथल्या छावणीच्या तंबूंत कितीतरी म्हातारी माणसं थंडीनं दगावली, तिची आई जगली, कारण लाम्ब्रिनी खेचरावरून दगड वाहायची मजुरी करून चूल पेटती ठेवत होती. पुढच्या उन्हाळ्यात लढाई संपली. आम्ही परत आलो, तिनं घर बांधलं, शेत नांगरलं, सगळं त्याच जनावराच्या जिवावर. ते म्हातारं होऊन मेलं तेव्हा तिनं खड्डा एकटीनं खणला. कुणाला हाक मारली नाही.

मिल्तोस जिवंत होता. साथीदारांनी त्याला खांद्यावरून सीमेपार नेलं होतं, तिथून ताश्कंदला. पाय मांडीतून कापावा लागला. त्यानं तिला कधी एक शब्द पाठवला नाही. फार वर्षांनी नवं सरकार आलं, डोंगरवाल्यांना परतायची मुभा मिळाली, आणि एका मे महिन्यात तो बसमधून उतरला. लाकडी पाय, पांढरे केस, बरोबर विवाहित मुलगी. मुलीनं यानिना शहरात घर घेतलं होतं, पण त्याला आधी गाव बघायचं होतं.

लाम्ब्रिनीनं जेवण वाढलं. त्यानं पाव मोडला आणि खाल्लाच नाही.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी शुद्धीवर आल्यावर साथीदारांनी सांगितलं, क्लेआंथिस नावाच्या पोराला तुझ्याकडे पाठवलं होतं. तो परत आला नाही. पोहोचला होता का?"

मी तिथेच होते. गावाकडे नुसता संशय होता, चौकीतलं बोलणं ऐकणारा हवालदारही मेला होता. नाही म्हणाली असती तर संपलं असतं.

"पोहोचला होता," ती म्हणाली. "त्याच्या पायात फौजेचे बूट होते. मला वाटलं, तो त्यांचा. मीच जाऊन सांगितलं."

त्यानं ताट बाजूला सारलं.

"बूट मेलेल्या शिपायाचे होते," तो म्हणाला. "त्या पोराच्या पायाची बोटं ओलीनं सडत होती, म्हणून मीच काढून दिले."

"मला काय ठाऊक?"

"आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, तू खेचरासाठी केलंस."

"तसं गावालाही वाटतं."

तो उठला, मुलीला म्हणाला, चल. संध्याकाळच्या बसनं गेला. लाम्ब्रिनीनं त्याचं ताट झाकून ठेवलं, मग कोंबड्यांना घातलं.

उन्हाळा गेला. अक्रोडाच्या दिवसांत तो एकटाच आला, पिशवी घेऊन. कशाला आलास, असं तिनं विचारलं नाही. खालच्या खोलीत खाट टाकून दिली. नंतरची वर्षं तिथेच राहिला. दोघं भांडायची, सरपणावरून, रेडिओच्या आवाजावरून. त्या गोष्टीवर पुन्हा एकदाही बोलली नाहीत. क्लेआंथिसचं आडनाव मिल्तोसलाही माहीत नव्हतं, त्याच्या घरच्यांना कळवायला मार्गच नव्हता.

दर शरदात ती त्याच्या नावानं, मृतांसाठी करतात तसे, गहू शिजवायची, वर साखर आणि बेदाणे. मिल्तोस देव मानायचा नाही, आमच्या दुकानात बसून पाद्र्यांना नावं ठेवायचा. पण ती परात जड असायची आणि लाम्ब्रिनीचे हात थरथरायला लागले होते. मग तोच परात उचलून, लाकडी पाय ओढत, चर्चच्या दारापर्यंत न्यायचा. दाराशी तिच्या हातात द्यायचा आणि ती बाहेर येईपर्यंत भिंतीला टेकून उन्हात उभा राहायचा.